रिकामी पिशवी

काट्टुमेडूच्या पाटीची पाळी यायला अजून वेळ होता, तरी बाळकृष्णराव आंघोळ उरकून, धुतलेली वेष्टी नेसून, कपाळाला गंध लावून टीव्हीसमोर बसले होते. जणू लिलाव बघायचा नव्हता, पोथी ऐकायची होती. त्यांच्या मुलाने, श्रीकरने, लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. पडद्यावर चेन्नईतल्या लिलावघराचा टाय लावलेला माणूस एकेका वस्तूचं इंग्रजीत वर्णन करत होता आणि कोपऱ्यात बोलीचे आकडे पळत होते.

पाटी म्हणजे काट्टुमेडू स्टेशनच्या नावाची, पिवळ्या एनॅमलवर तीन लिप्यांत लिहिलेली. ती छोटी लाइन उखडली, स्टेशन गेलं, त्या जागी आता विटांची भट्टी होती. बाळकृष्णरावांचे वडील रंगराव तिथे उभी नोकरी स्टेशनमास्तर होते. पाटी मिळाली तर ती हॉलमध्ये त्यांच्या फोटोसमोर लावायची, हे घरात केव्हाच ठरलं होतं. त्यासाठी सरोजा अत्या कुंभकोणमहून सकाळच्या बसने आल्या होत्या आणि भिंतीवर खिळा कुठे मारायचा यावरून भावाशी त्यांची एक फेरी होऊनही गेली होती.

श्रीकरच्या बायकोचं, अखिलाचं, लक्ष मात्र टीव्हीकडे नव्हतं. तिची चार वर्षांची लेक साई फडताळाखाली बसली होती आणि त्या फडताळावर श्रीकरचा सगळा खजिना होता: लाल-हिरव्या काचांचा गार्डाचा कंदील, पुठ्ठ्याच्या तिकिटांवर तारीख उठवायचं लोखंडी यंत्र, घंटा म्हणून बडवायचे तो रुळाचा तुकडा. जुन्या रंगात शिसं असतं हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि तेव्हापासून त्या कंदिलाचा पोपडा निघालेला दिसला की ती साईला तिथून उचलायची. साईचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर तिने सगळं ठेवायला लावलं होतं. पण मूल वाढतं, फडताळ वाढत नाही.

मग तिने साईच्या पायातल्या वाळ्यांना हात लावून पाहिला. दोन्ही होते. थोड्या वेळाने पुन्हा पाहिला. गॅसचं बटण, मागच्या दाराची कडी, साईचे वाळे. हात लावायचा, पुढे जायचं, परत फिरून हात लावायचा. श्रीकर याला ‘इन्स्पेक्शन’ म्हणायचा. तो हसत म्हणायचा, पण म्हणायचा.

सरोजा अत्यांनी स्वैपाकघरातून डोकं बाहेर काढून विचारलं, “कढीपत्ता कुठे ठेवलास ग?”

अखिलाच्या लक्षात आलं, आणायचा राहिला.

“पिशवी रिकामीच आली म्हण की.” अत्या हसल्या. बाळकृष्णरावही, टीव्हीवरची नजर न काढता, मिशीतल्या मिशीत हसले.

हा विनोद या घरात अखिलापेक्षा जुना होता. तिचे आजोबा, तिच्या वडिलांचे वडील सुब्रह्मण्यराव, काट्टुमेडूच्या पुढच्याच स्टेशनात, वाळैतोप्पूला, मास्तर होते. लाइन एकेरी. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून एक पोलादी गोळा असायचा, त्याला टोकन म्हणत. वेताच्या कडीला चामड्याची पिशवी, पिशवीत गोळा. हा मास्तर तो ड्रायव्हरला द्यायचा, पुढचा मास्तर उतरवून घेऊन आपल्या यंत्रात टाकायचा, तेव्हाच त्या लाइनवर दुसरी गाडी सुटायची. एका संध्याकाळी मालगाडी वाळैतोप्पूला आली, कडी सुब्रह्मण्यरावांच्या हातात पडली, आणि पिशवी रिकामी होती. ते तसंच म्हणाले. चौकशी झाली. ड्रायव्हर म्हणाला, गोळा पिशवीत होता. काट्टुमेडूचे रंगराव म्हणाले, मी माझ्या हाताने घातला होता. एकटे सुब्रह्मण्यराव पिशवी रिकामी होती म्हणत राहिले आणि त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांनी ओरत्तनाडूच्या एका तांदूळ गिरणीत हिशेब लिहिण्यात जन्म काढला.

तंजावूरच्या मराठी घरांत गोष्टी लवकर म्हणी होतात. कुणी काही विसरलं, हरवलं, की ‘पिशवी रिकामी आली’. अखिलाच्या शाळेतसुद्धा म्हणायचे. आणि अशा घरातली मुलगी रंगरावांच्या घराने केली ती केवळ रंगरावांच्या मोठ्या मनामुळे. जाताना त्यांनी मुलाचा हात धरून सांगितलं होतं, घरात पुढची सून आणशील ती सुब्रह्मण्याच्या घरातली आण. हे अखिलाला लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर इतक्या जणांनी सांगितलं होतं, की आपण या घरात आलो नसून आपल्याला या घरात घेतलं आहे, हे ती झोपेतही विसरत नसे.

“आता आपलीच,” श्रीकर खुर्चीत पुढे सरकत म्हणाला. “ही एक वस्तू गेली की पाटी.”

पडद्यावर एक पोलादी गोळा आला. एका हातात जेमतेम मावेल एवढा, काळसर, वर तीन कोपऱ्यांचं एक भोक.

साई उठली. टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. हात जोडले, “उम्माची,” म्हणाली. उम्माची म्हणजे देवबाप्पा, इथल्या सगळ्या लेकरांचा. मग तिने उजव्या हाताने डावा कान धरला, डाव्या हाताने उजवा, आणि टीव्हीतल्या गोळ्यासमोर उठाबशा काढायला लागली.

सगळे हसले. सरोजा अत्यांना तर ठसका लागला. मग हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. बाळकृष्णरावांच्या आधी श्रीकरच्या, श्रीकरच्याही आधी अखिलाच्या.

कारण कान धरून उठाबशा गणपतीसमोर सगळेच काढतात. पण या घरात त्या आणखी एका देवासमोर काढायच्या असत. देवघरात पंचायतनाच्या शेजारी, चांदीच्या मुखवट्याखाली, गोळाप्पा होता. पूर्वज सरफोजी महाराजांच्या तोफखान्यावर होते, त्यांच्या तोफेचा गोळा. किती पिढ्या हरवलेला, तो रंगरावांना तिरुवैयारूला कावेरीत बुडी मारताना पायाला लागला आणि घरी आला. वर मोडीत महाराजांची अक्षरं होती, झिजलेली. भोक होतं, तिथे म्हणे वात लावत. गोळाप्पासमोर रोज कान धरायचे ही रंगरावांनीच घालून दिलेली रीत. नव्या सुनेला पहिल्या दिवशी शिकवत ती हीच. अखिला शिकली होती. गरोदरपणाचे शेवटचे महिने सोडले, तर एक दिवस चुकवला नव्हता.

तिने मुखवट्याशिवायचा गोळाप्पा लांबून पाहिला होता, गंधाने माखलेला. साई मात्र अभिषेकाच्या वेळी आजीच्या मांडीला टेकून बसायची. ते भोक तिला पाठ होतं.

पडद्यावरचा माणूस सांगत होता: एकेरी मार्गाचं टोकन, असे गोळे अमुक कारखान्यात घडवले जात, दोन्ही स्टेशनांची आद्याक्षरं कोरलेली. आकडे पळाले, हातोडा पडला. मग काट्टुमेडूची पाटी आली. पिवळी, एका कोपऱ्याला एनॅमल उडालेलं, अगदी हवी तशी. माणूस दोनदा थांबला, कुणी पुढे येतंय का बघत. श्रीकरचं बोट बटणावर होतं. ते दाबलं गेलं नाही. पाटी कुण्या तिसऱ्याच माणसाला गेली.

“श्रीकर,” बाळकृष्णराव म्हणाले, “बंद कर ते.”

त्याने बंद केलं. मग तो बापाकडे न बघता बोलायला लागला. टोकनाच्या भोकांचे आकार वेगवेगळे असत म्हणाला, गोल, चौकोनी, तीन कोपऱ्यांचं. एका लाइनचा गोळा चुकून दुसऱ्या लाइनच्या यंत्रात शिरू नये म्हणून. “नाना, तोफगोळ्याला तीन कोपऱ्यांचं भोक कशाला असेल?”

“तुला तोफा कळतात?”

“टोकनं कळतात.”

आणि हे म्हणताना तो स्वतःच गोरामोरा झाला. नागपूर, जोधपूर, कुठकुठून त्याने माणसांना टोकनासाठी फोन केले होते. घरातल्या देवघरात लांबूनच कान धरून उभा राहणारा माणूस.

सरोजा अत्यांनी ताबडतोब भावाची बाजू घेतली. लोखंडाचे गोळे जगात काय कमी आहेत, म्हणाल्या. लेकराने हात जोडले म्हणून टीव्हीतला गोळा आपला झाला का. आणि वर मोडी आहे त्याचं काय. बाळकृष्णरावांनी मान डोलावली. मोडी आहे, वडिलांनी, अप्पांनी, स्वतः दाखवली होती.

तेव्हा दारात उभ्या असलेल्या सीतालक्ष्मी बोलल्या. अखिलाची सासू. बाळकृष्णरावांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि त्यांची ही बायको चार शब्दांच्या जागी दोन बोलणारी. “लग्न होऊन आले तेव्हापासून त्याला चिंचेने घासते आहे मी,” त्या म्हणाल्या. “अंगठ्याला अक्षरं लागतात. मोडी आहे म्हणाले, मी बरं म्हटलं. मला मोडी येत नव्हती. तुम्हालाही येत नव्हती. अप्पांना तरी कुठे येत होती?”

त्या आत गेल्या. नळाचा आवाज आला, मग बराच वेळ घासल्याचा. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अखिलाने साईला ओढून मांडीवर घेतलं आणि वाळ्यांना हात लावला. तिच्या मनात एकच चित्र येत होतं: ओरत्तनाडूच्या घरात तात्ता, तिचे आजोबा, बाहेर निघताना शर्टाचा खिसा चाचपतात. चष्म्याची पेटी, बसचे सुटे, सगळं आहे ना. उंबऱ्याबाहेर गेले की पुन्हा. तिच्या आजीने जन्मभर या चाचपण्याची चेष्टा केली होती. तिच्या वडिलांनाही ती खोड आहे. तिला आहे.

सीतालक्ष्मी आल्या त्या गोळाप्पाला पदरात घेऊन. मुखवटा नव्हता, गंध नव्हतं, भोकात बसलेला मळ निघाला होता. ओलं पोलाद. टीव्हीतल्या गोळ्याचा सख्खा भाऊ. त्यांनी तो नवऱ्यासमोर धरला आणि अंगठा एका जागी ठेवला.

बाळकृष्णरावांनी चष्मा लावला. वाचता येत नव्हतं असं नाही. काट्टुमेडूची तीन इंग्रजी अक्षरं होती, मध्ये आडवी रेघ, पलीकडे वाळैतोप्पूची तीन. शाळकरी पोरांनासुद्धा वाचता येतील इतकी स्पष्ट. आयुष्यभर ती मोडी असणार म्हणून कुणी वाचायलाच गेलं नव्हतं.

“कधी आणला हा अप्पांनी?” श्रीकरने विचारलं.

उत्तर सरोजा अत्यांनी दिलं आणि देताक्षणी त्यांना ते परत गिळावंसं वाटलं असणार. “माझ्या बारशाच्या वर्षी. अम्मा सांगायची, पोरीच्या पायगुणाने देव घरी आला.”

त्याच वर्षी अखिलाच्या वडिलांना शाळेतून काढलं होतं. फी भरता येईना म्हणून. हे ती बोलली नाही. ते सगळ्यांना माहीत होतं.

बाळकृष्णरावांनी चष्मा काढून हातात धरला. मग त्यांनी जे सांगितलं ते कुणाला उद्देशून नव्हतं. ते लहान होते. अप्पा संध्याकाळी घरी आले, वेष्टी ओली होती, त्यात काहीतरी गुंडाळलेलं. नदी लांब होती, घरी पोचेपर्यंत वेष्टी ओली कशी राहिली, हे तेव्हा सुचलं नाही. अप्पांनी ते देवघरात ठेवलं, कान धरले आणि उठाबशा काढायला लागले. “मी मोजत होतो. मोजता मोजता झोपलो. सकाळी अम्मा त्यांचे गुडघे शेकत होती.”

“गाडी सुटल्यावर टेबलावर दिसला असेल,” श्रीकर हळू म्हणाला. “कडी दिली, पिशवी दिली, गोळा घालायचा राहिला. एवढीच चूक. पण टोकनाशिवाय गाडी सोडली म्हणजे नोकरी तर गेलीच, वर तुरुंगसुद्धा. ड्रायव्हरही त्यात, त्याने पिशवी चाचपली नाही. दोघं गप्प राहिले.”

आता अखिलाला दिसलं. सुब्रह्मण्याच्या घरातली सून आण. मोठं मन. तिला या घरात मेहरबानी म्हणून आणलं नव्हतं, फेड म्हणून आणलं होतं. आणि फेडायला आणलेल्या मुलीला रोज त्याच गोळ्यासमोर कान धरायला लावले होते.

त्यानंतर जे बोलणं झालं त्यात कुणी आवाज चढवला नाही, हेच नवल. सरोजा अत्यांनी डोळे पुसले आणि लगेच व्यवहाराला लागल्या. झालं ते झालं, म्हणाल्या. अप्पा गेले, ड्रायव्हर गेला, लाइनसुद्धा गेली. सुब्रह्मण्य मामा नव्वदीला आले, या वयात त्यांना धक्का कशाला. अप्पांचं नाव गावात आहे. तिरुवैयारूला जाऊ, नदीतून आला असं म्हणत होतो, नदीतच सोडू. विसर्जन केलं की दोष नाही.

अखिलाने श्रीकरकडे पाहिलं. तो गोळा हातात घेऊन भोक न्याहाळत होता. “याची जोडी आत्ता विकली गेली,” तो म्हणाला. “घेणाऱ्याला विचारता येईल.” आणि मग तिची नजर दिसल्यावर त्याने गोळा असा खाली ठेवला, जणू भाजला.

“नाना काय म्हणतात?” तिने विचारलं. सासऱ्यांना ती मामंजी म्हणायची. आज तोंडातून नवऱ्याचा शब्द निघून गेला.

बाळकृष्णराव गोळ्याकडे बघत होते. प्राणप्रतिष्ठा झालेली आहे, म्हणाले. इतकी वर्षं नैवेद्य खाल्लेला देव आहे. दुसऱ्याच्या घरी कसा द्यायचा. सरोजा म्हणते तसं नदीत सोडणं शास्त्राला धरून होईल. बोलताना त्यांचा आवाज वर्गातल्या मास्तरांचा होता. “तूच सांग, अखिला. तुझ्या तात्तांना आता काय मिळणार आहे?”

आजवर या घरात तिला असं कुणी विचारलं नव्हतं. एकदा वाटलं, साईला उचलावं आणि चालू पडावं. मग ती म्हणाली, “मामंजी, तुम्ही अस्की जणं रोज कान धरता. मीही धरते. माझी लेकही धरायला लागली. पण ज्याच्यासमोर धरायला हवेत तो ओरत्तनाडूला बसला आहे.”

अत्या काहीतरी म्हणायला गेल्या. सीतालक्ष्मींनी हात वर केला. “नक्को, सरोजा.” त्या स्वैपाकघरात गेल्या आणि सकाळी अखिलाने बाजारातून आणलेली कापडी पिशवी घेऊन आल्या. गोळा आपल्या रेशमी चोळीखणात गुंडाळून त्यांनी पिशवीत घातला आणि पिशवी सुनेच्या हातात दिली. जड होती.

“या वेळी रिकामी जायची नाही,” त्या म्हणाल्या. “गाडी काढ, श्रीकर. आणि तुम्ही पुढे बसा.” शेवटचं नवऱ्याला.

सरोजा अत्या मागे राहिल्या. घर उघडं कसं टाकायचं, म्हणाल्या.

ओरत्तनाडूपर्यंत दोन्ही बाजूंना भाताची शेतं आणि गाडीत एकट्या साईची बडबड. उम्माची कुठे चालली, उम्माचीला ऊन लागेल. अखिलाने तोंडदेखली उत्तरं दिली. पिशवी मांडीवर होती. चढउतार आला की ती दोन्ही हातांनी धरायची.

तात्ता ओसरीवर खुर्चीत बसले होते, जेवण झाल्यानंतरच्या सुस्तीत. व्याही असे अवचित, तेही दुपारचे, आले म्हणून अखिलाची आई गोंधळली, कापीचे पेले, टंबलर-डवरे, शोधायला लागली, कापी ठेवते म्हणाली. बाळकृष्णराव उभेच राहिले. त्यांनी वाटेत काही वाक्यं जुळवली होती हे दिसत होतं आणि ती त्यांना आठवत नव्हती हेही दिसत होतं. शेवटी अखिलाने पिशवी उघडली, खण सोडला आणि गोळा तात्तांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी तो बघितला नाही. डोळे अधू झाले होते. बोट फिरवलं. भोकाचे तीन कोपरे एक, दोन, तीन असे चाचपले. मग अक्षरांवरून अंगठा नेला, सावकाश, जसं कुणी झोपलेल्या मुलाच्या गालावरून नेतं.

बाळकृष्णरावांनी कान धरले. दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. ना खाली, ना वर.

“त्यांना खुर्ची दे ग,” तात्ता म्हणाले. “पडतील.”

श्रीकरने वडिलांना धरून बसवलं. अखिला तात्तांकडे बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर धक्का शोधत होती, जो तिला सकाळपासून सोसवत नव्हता तो. तो तिथे नव्हता.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“तुझं लग्न ठरलं, त्या निश्चयतांबूलाला गेलो होतो की.” तात्तांचा आवाज नेहमीसारखाच होता, थोडा मोठा, बहिऱ्या माणसाचा. “तेव्हा दिसायचं मला. अभिषेक चालला होता, मुखवटा काढला होता. मी म्हटलं, हा इथे.”

बाळकृष्णरावांनी मान वर केली. त्यांना आठवलं. आमच्या घरची रीत आहे, गोळाप्पासमोर कान धरायचे, असं त्यांनीच या म्हाताऱ्याला सांगितलं होतं. आणि म्हाताऱ्याने धरले होते. सगळ्यांपेक्षा जास्त वेळ उभा होता, किती भाविक माणूस म्हणून नंतर घरात बोलणंही झालं होतं.

“तुम्ही धरलेत,” ते पुटपुटले. “तुम्ही कशाला धरलेत?”

“तुम्ही म्हणालात, ही रीत अप्पांनी घातली. रंगराव रोज कान धरायचा म्हणालात, जाईपर्यंत.” तात्ता थांबले. “तेव्हा त्याचं कान धरणं मला पोचलं. त्याच्याबरोबर आपणही धरावे म्हटलं. मी त्याला फार शिव्या दिल्या होत्या.”

सीतालक्ष्मींनी पदर तोंडाला लावला. अखिलाच्या आईच्या हातातला डवरा तसाच राहिला होता. अखिलाला मात्र रडू येत नव्हतं. तिला राग येत होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. “मग मला त्या घरात का दिलंत? सगळे हसत होते मला. तुम्हाला हसत होते. एक शब्द बोलला असतात.”

“एक शब्द बोललो असतो तर तुझं लग्न झालं असतं?” तात्तांनी गोळा दोन्ही तळव्यांत धरला. “आणि तू विचारतेस का दिलं. टोकन ज्याच्याजवळ असतं ना पोरी, त्याच्या वाटेत समोरून गाडी येत नाही. बाकी मला रेल्वेतलं सगळं विसरायला झालं, एवढं राहिलं. म्हटलं, तुला पाठवायला याहून बरं घर कुठलं.”

साई त्यांच्या गुडघ्याशी आली, गोळ्याला बोट लावून म्हणाली, उम्माची. तात्तांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

निघताना गोळा न्यायचा की ठेवायचा हे कुणी विचारलं नाही. तो त्यांच्या मांडीवरच राहिला. अखिला वाकून पाया पडली आणि उठताना तिने पाहिलं, गोळा तिथे, समोर, दोन्ही हातांत होता. तरी त्यांचा उजवा हात उठला, शर्टाच्या खिशाकडे गेला, चाचपून परत आला. मग पुन्हा गेला.

तिने नजर काढून घेतली. साईला कडेवर घेतलं, ओसरीच्या पायऱ्या उतरली, आणि शेवटच्या पायरीवर थांबून लेकीच्या वाळ्यांना हात लावला. एका पायाच्या. मग दुसऱ्या.